प्रतिध्वनी आधी की शेवटी?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात जत्रांचे दिवस आले की देवळांच्या आवारात रात्रभर दशावतारी नाटके रंगतात. पेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीने राजे, ऋषी, राक्षस बोलू लागतात. हे संवाद लिहून पाठ केलेले नसतात; नट ते आयत्या वेळी उत्स्फूर्तपणे बोलतो. म्हणून एखादे वाक्य ऐकायचे राहिले, तर ते नंतर कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. पण कधी कधी ध्वनिक्षेपकातून आवाज भरपूर येतो, त्याला प्रतिध्वनीची जोडही दिलेली असते, आणि तरी मागे बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. असे का व्हावे? याचे उत्तर विजेच्या गिटारच्या विवर्धकात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, स्पष्ट पाहावयास मिळते.

प्रथम प्रतिध्वनीचा विचार करू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटापासून ५१ मीटर दूर उभे राहून तुम्ही टाळी वाजवलीत, तर ध्वनीला जाऊन येऊन १०२ मीटर अंतर कापावे लागेल. १०२ ला ३४० ने भागा. प्रतिध्वनी ०.३ सेकंदाने ऐकू येईल.

यंत्रात तट कोठून आणणार? त्यासाठी पूर्वी ध्वनिफीत वापरीत. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि ध्वनी मुद्रित करणारे शीर्ष व तो वाचणारे शीर्ष यांत ५.७ सेंटिमीटर अंतर आहे, असे समजा. विलंब तोच, ०.३ सेकंद! १९६९ साली फिलिप्स कंपनीतील सँगस्टर व टीअर यांनी फितीवाचून विलंब करणारे मंडल शोधून काढले. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून कळशा हातोहात द्याव्यात, तसा त्यात विद्युत् भार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात दिला जातो. आता बहुतेक यंत्रांत ध्वनीचे अंकांत रूपांतर करून ते स्मृतीत साठवतात व ठरल्या वेळाने वाचतात. गिटारवादक असे यंत्र एका लहान डबीत ठेवून पायाने दाबतो. तिला ‘पेडल’ म्हणतात.

आता विवर्धक पाहू. त्याचे दोन भाग असतात. पूर्वविवर्धक गिटारचा क्षीण संदेश मोठा करतो व स्वराला रंग देतो. शक्तिविवर्धक त्या संदेशाला ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ती देतो. प्रत्येक भागाला मर्यादा असते. संदेश तिच्यापलीकडे गेला की लहरीची शिखरे कापली जातात. यालाच विकृती म्हणतात. गिटारवादकाला ती पुष्कळदा हवी असते. तो पूर्वविवर्धक मुद्दाम वाढवून करकरीत स्वर काढतो.

समजा, पूर्वविवर्धकाची मर्यादा ५ आहे, स्वराची उंची १० आहे आणि पेडलमधून निघणारा प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्या निम्मा आहे. पेडल आधी जोडले, तर १०, ५, २.५ असे संदेश पूर्वविवर्धकात शिरतील व ५, ५, २.५ होऊन बाहेर पडतील. पहिला प्रतिध्वनी मूळ स्वराइतकाच मोठा झाला! त्याच वेळी नवा स्वर वाजला, तर दोघे मिळून त्याच मर्यादेत कापले जातील. एवढेच नव्हे, तर २०० व ३१० वारंवारतेचे दोन स्वर एकत्र कापले गेले की ९० व ४२० अशा, दोघांतही नसलेल्या, वारंवारता निर्माण होतात. हाच तो गोंगाट.

आता क्रम उलटा करा. आधी विकृती, मग प्रतिध्वनी. १० चे ५ होतात आणि पेडलमधून ५, २.५, १.२५ बाहेर पडतात. प्रतिध्वनी विरत जातो, नवा स्वर वेगळा ऐकू येतो. निसर्गातही क्रम हाच आहे. आवाज तयार होतो आधी आणि भिंतीवर आपटतो नंतर.

पण दोन्ही भाग एकाच पेटीत बंद असतील, तर मध्ये पेडल कसे घालणार? यासाठी पुष्कळ विवर्धकांच्या मागे ‘सेंड’ व ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे असतात. ‘सेंड’मधून संदेश पेडलकडे जातो आणि ‘रिटर्न’मधून परत येऊन शक्तिविवर्धकात शिरतो. या वळशाला ‘इफेक्ट्स लूप’ म्हणतात. त्यात काहीच जोडले नाही, तर संदेश आतल्या आत सरळ पुढे जातो. मात्र या ठिकाणी संदेश गिटारच्या मूळ संदेशापेक्षा बराच मोठा असू शकतो. पेडलला तो झेपला नाही, तर विकृती तेथेच होईल. म्हणून काही विवर्धकांत पातळी कमी करण्याचे बटन दिलेले असते. (विवर्धक स्वतः उघडून पाहू नका. निर्वात नळ्यांच्या विवर्धकात शेकडो व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही ते काही काळ राहू शकतात.)

एक गोष्ट ध्यानात आली का? हा वळसा शक्तिविवर्धकाच्या आधी आहे. शक्तिविवर्धकच मर्यादेबाहेर गेला, तर प्रतिध्वनी पुन्हा विकृतीच्या आधीच येतो. जत्रेत नेमके हेच घडू शकते. नटाच्या आवाजाला प्रतिध्वनी जोडला जातो आणि गर्दी वाढली म्हणून शक्तिविवर्धक ताणला जातो. मग मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दाइतका मोठा होऊन त्याला झाकतो. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग नाही. आवाज थोडा उतरवावा, प्रतिध्वनी कमी करावा. शब्द उमटू लागतील.

आता वही घ्या. मर्यादा ५, स्वर ८, प्रत्येक प्रतिध्वनी निम्मा. दोन्ही क्रमांनी येणारे पहिले तीन आकडे काढा व आलेखावर मांडा. मग मर्यादा २० धरून तेच पुन्हा करा. या वेळी क्रम बदलल्याने काय फरक पडला? का? उत्तर वर्गात आपल्या विज्ञानशिक्षकांबरोबर पडताळून पाहा.