शंकरपटाचा छकडा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड नावाचे गाव आहे. तेथील डोंगरावर जुना किल्ला असून महाशिवरात्रीस महादेवाची मोठी यात्रा भरते. हा सारा प्रदेश वनांचा, तलावांचा आणि भातशेतीचा. त्यास झाडीपट्टी असे म्हणतात. धानाची कापणी व मळणी आटोपली, की झाडीपट्टीत एका निराळ्याच हंगामास प्रारंभ होतो. तो हंगाम शंकरपटाचा.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मोकळ्या रानात सरळ, सपाट धावपट्टी तयार करतात; तिला ‘दाण’ म्हणतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा बेत गावोगाव ठरलेला असतो. त्या निमित्ताने घरोघर पाहुणे येतात व सोयरिकीच्या गोष्टीही निघतात.

पटाचा छकडा आणि ओझ्याची बंडी यांत मोठे अंतर आहे. बंडीस भार वाहावयाचा असतो, म्हणून ती भक्कम व जड असते. छकड्यास केवळ धावावयाचे असते. जड वस्तूस गती देण्यास अधिक बळ लागते, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. पटाची धाव अल्पकाळाची. तेव्हा आरंभीचा वेग ज्याचा, त्याची सरशी. म्हणून छकड्यात अनावश्यक लाकूड ठेवीत नाहीत.

भार कोठे पडतो, यासही तितकेच महत्त्व आहे. हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात. तो फार पुढे सरकला, तर बैलांच्या मानेवर ओझे येते. फार मागे रेलला, तर जू वर उचलले जाते. भार आसावर तोलून धरणे, हेच त्याचे कसब होय.

आता दूरच्या जगाकडे पाहू. १९०६ साली फ्रान्समधील ल माँ येथे मोटारींची पहिली फ्रेंच ग्रां प्री शर्यत झाली. १९५० पासून अशा शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले, आणि २०११ साली दिल्लीजवळ भारतातील पहिली ग्रां प्री भरली. त्या मोटारींचे शिल्पज्ञही वजन घटविणे आणि तोल साधणे याच दोन गोष्टींसाठी झटत असतात. गावच्या सुताराचा आणि त्यांचा प्रश्न मुळात एकच आहे.

परंतु एक भेद विसरता कामा नये. मोटारीच्या यंत्रास वेदना होत नाहीत; बैलास होतात. चाबूक, टोचणी व शेपटी पिरगाळणे यांच्या बळावर कित्येकांनी विजय मिळविले. म्हणून प्रश्न न्यायालयात गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. अनेक दाणी ओस पडल्या. पटावर प्रेम करणारा शेतकरी हळहळला. परंतु बैलाची बाजू मांडणारेही खोटे बोलत नव्हते. पुढे २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींस सशर्त अनुमती मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व बैलांची वैद्यकीय तपासणी आवश्यक असून बैलांना मारणे वा टोचणे हा अपराध आहे.

या नियमांनी पटाची शोभा उणी होत नाही. मारून पळविलेला बैल भयाने धावतो. जिवापाड सांभाळलेला बैल धन्याच्या हाकेने धावतो. वर्षभर नांगर ओढून जो आपणांस अन्न देतो, त्याच्या वेदनेवर मिळविलेला विजय हा विजयच नव्हे.

अभ्यास
१. बंडी व छकडा यांच्या रचनेतील भेद सकारण सांगा.
२. धुरकऱ्याने तोल का सांभाळावा लागतो?
३. ‘शंकरपट चालू राहावा, परंतु बैलास पीडा होऊ नये’ या विषयावर आठ ओळी लिहा.