पिवळी तिळवण : तण आणि फोडणी

पावसाळा सरत आला की आपल्या मैदानाच्या कडेला पिवळ्या फुलांचं एक गुडघाभर रोप माजतं. श्रमदानात ते उपटलं की हात चिकट होतात आणि उग्र वास साबणानेही लवकर जात नाही. साताऱ्याकडे माझी आजी ते खुरप्याने काढून बांधावर फेकते. मराठीत ही पिवळी तिळवण. कन्नडमध्ये नायी सासिवे, तमिळमध्ये नायकडुगु. दोन्हींचा अर्थ कुत्र्याची मोहरी. म्हणजे मान कुठेच नाही!

मान आहे तो गढवालात. तिथे याच रोपाच्या बियांना जख्या म्हणतात आणि त्याची फोडणी बटाट्याला, अळकुड्यांना, पालेभाजीला देतात. माझा एक वर्गमित्र पौडी जिल्ह्यातला, म्हणजे गढवाल रायफल्सचं केंद्र असलेलं लॅन्सडाउन ज्या जिल्ह्यात आहे तिथला. त्याने सुट्टीहून येताना आणलेली पुडी मी पाहिली, तेव्हा मला ती खसखस जाळून काळी केल्यासारखी वाटली. भाजीत मात्र हे बी मोहरीसारखं हरवत नाही, दाताखाली कुरकुरतं. माझ्या मते मोहरीपेक्षा सरस, पण हे आमच्या मेसमध्ये मोठ्याने बोलू नये.

शास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोसा. व्हिस्कोसा म्हणजे चिकट. खोडापानांवर बारीक ग्रंथींचे केस असतात, चिकटपणा त्यांचा. तिळवणीचं कुळ मोहरीच्या कुळाला जवळचं आहे.

आता महत्त्वाचं. अशाच पडीक जमिनीवर पिवळा धोत्राही उगवतो. त्याचं बीसुद्धा बारीक, गोल, काळपट. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि 1998 मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ आली. 60 हून अधिक माणसं दगावली. पाय सुजतात, हृदयावर ताण येतो, डोळ्यांनाही इजा होते. तळल्याने हे विष जाईल या भरवशावर राहू नये.

म्हणून ओळख बियांवरून नव्हे, उभ्या रोपावरून करायची. तिळवणीच्या एका देठावर तीन किंवा पाच पानं, फुलाला चार पाकळ्या, शेंग लांब, बारीक आणि वर उभी. काटा कुठेच नाही. धोत्र्याची पानं काटेरी, शिरांवर पांढरट, बोंडही काटेरी, आणि देठ मोडला की पिवळा चीक येतो. बी एकदा झोडून पुडीत पडलं की ही सगळी खूण हरवते. कुणी रस्त्यावर सुटं बी "जंगली मोहरी" म्हणून दिलं, तर मी तरी घेणार नाही. शिक्षकांना रोप दाखवल्याशिवाय कॅडेटने मैदानातलं काहीच तोंडात घालू नये. बेंगळुरूच्या रस्त्याकडेची रोपं तर नकोतच. त्यांच्यावर गाड्यांचा धूर बसलेला असतो.

पालकांनी घरी करून पाहायचं असेल तर खात्रीच्या दुकानातून, गढवालचं आणावं. तेल चांगलं तापवून अर्धा चमचा जख्या टाकायचा, तडतडला की लगेच उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, हळद, मीठ, लाल मिरची. झाकण हाताशी ठेवा, बी फार उडतं.