कोनाड्यातले सुगंध

गॅदरिंगच्या संध्याकाळी आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहून बघा. प्रत्येक मजल्यावरून वेगळ्या डिओचा ढग खाली उतरत असतो आणि तळमजल्यावर सगळ्यांची मिसळ होते. त्यातले निम्मे डिओ एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. याच्या पलीकडे वासांचं जग फार मोठं आहे. मला त्या जगाचा नाद आहे, म्हणजे परफ्यूम आणि अत्तरं हुंगण्याचा. विकत घेण्याचा नव्हे, हुंगण्याचा. मेसच्या बिलाला धक्का न लावता हा नाद कसा करता येतो, हाच या लेखाचा विषय. (परीक्षेला नाही, निश्चिंत वाचा.)

आधी एक शब्द. शौकिनांच्या तोंडी 'नीश परफ्यूम' असं सारखं येतं. नीश म्हणजे फ्रेंचमध्ये भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या घरांत दिवा ठेवायला असायचा, तोच. मोठ्या दुकानाच्या मुख्य फळीवर न मांडलेला, थोड्या लोकांसाठी काढलेला माल तो नीश. १९७६ साली पॅरिसमध्ये ज्याँ लापोर्त यांनी 'लार्टिझान पार्फ्युमर' हे घर काढलं, ते या प्रकारातल्या सुरुवातीच्या घरांपैकी एक. २००० साली फ्रेडरिक माल यांनी वेगळीच गंमत केली. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं तसं त्यांनी बाटलीवर परफ्यूम रचणाऱ्या माणसाचं नाव छापलं. तोवर हे लोक बहुतेक पडद्यामागेच असायचे. २०११ साली नीला वर्मीर यांच्या पॅरिसमधल्या घराने 'त्रयी', 'मोहूर' आणि 'बॉम्बे ब्लिंग' अशी तीन परफ्यूम काढली, रचनाकार बेरत्राँ द्युशोफूर. बॉम्बे ब्लिंगमध्ये आंबा आहे! मुंबई म्हटल्यावर पॅरिसवाल्यांनाही आंबाच आठवावा याचं मला बरं वाटलं.

पण कोनाडा आता तितका लहान राहिलेला नाही. २०१४ साली एस्टी लॉडर या बड्या कंपनीने माल आणि न्यूयॉर्कचं 'ल लाबो' ही दोन्ही घरं घेत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१५ साली लार्टिझान पुइग या स्पॅनिश कंपनीकडे गेलं. वाईट झालं असं मी म्हणत नाही. मात्र 'नीश' या शब्दावरून आणि किमतीवरून आत काय आहे ते कळत नाही. ते कळायला नाक लागतं, आणि नाक तयार व्हायला सॅम्पल लागतं.

सॅम्पल म्हणजे १ किंवा २ मिलीची काचेची कुपी. काही घरं स्वतःच विकतात. नाहीतर कोणी मोठी बाटली घेतो आणि त्यातून लहान कुप्या भरून देतो, त्याला डिकँट म्हणतात. समजा ५० मिलीची बाटली १५ हजारांची आहे. म्हणजे मिलीला ३०० रुपये, २ मिलीचे ६००. एका फवाऱ्याला साधारण ०.१ मिली धरलं तर २ मिलीत २० फवारे. पाच जणांनी मिळून घेतलं तर माणशी १२० रुपये आणि चार फवारे. चार फवाऱ्यांत एखादं परफ्यूम नीट ओळखता येतं. १५ हजारांची बाटली घेऊन तीन आठवड्यांनी कंटाळण्यापेक्षा हे बरं.

आता थोडं केमिकल. इतर ब्रँचच्या लोकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नये. परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळलेली, वेगवेगळ्या वजनाची मॉलिक्यूल्स. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, मॉलिक्युलर वेट १३६. लॅव्हेंडरमधलं लिनालूल १५४. गॅलॅक्सोलाइड नावाचं कृत्रिम मस्क २५८. ढोबळमानाने हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. तुम्ही मनगटावर फवारा मारता तेव्हा तिथे चक्क डिफरन्शियल डिस्टिलेशन सुरू होतं. रिबॉयलर म्हणजे तुमची त्वचा, तापमान ३२-३३ अंश, आणि कंडेन्सरच्या जागी शेजारच्याचं नाक. राऊल्टचा नियम इथे काटेकोर लागू पडत नाही, कारण मिश्रण आयडियल नसतं, पण दिशा तीच.

यातून दुकानातली गोम लक्षात येते. काउंटरवर पट्टी हलवून पाच मिनिटांत जे हुंगायला मिळतं तो फक्त पहिला फ्रॅक्शन. लिंबू, संत्रं, बर्गामॉट. तो जवळजवळ सगळ्यांना आवडतो आणि अर्ध्या तासात बराचसा उडून जातो. पैसे मात्र आपण पुढच्या सहा तासांचे देतो! म्हणून पहिल्या वासावर बाटली घेऊ नये. मनगटावर घेऊन सरळ दुकानाबाहेर पडावं आणि दिवसभर आपली कामं करावीत.

माझी पद्धत अशी. ड्रॉइंग शीटची उरलेली कात्रणं कोणाकडे नसतात? त्याच्या १ सेंटीमीटर रुंद, १२ लांब पट्ट्या कापायच्या. नाव पेन्सिलीने, पेनाच्या शाईला वास असतो. एक पट्टी कोरी ठेवून तिचाही वास घ्यायचा, ते आपलं ब्लँक रीडिंग. मग एक फवारा पट्टीवर, एक मनगटावर, आणि नोंदी लगेच, १५ मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. एका दिवसात त्वचेवर दोनच वास, एका हाताला एक. तिसरा घेतला की कुठला कुठून येतोय याचा पत्ता लागत नाही. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. घासल्याने मॉलिक्यूल फुटतात असं सांगतात, ती थाप आहे. थोडी उष्णता वाढून पहिला भाग लवकर उडतो, इतकंच. लिंबूवर्गीय तेल भरपूर असेल तर तो हात उन्हात ठेवू नका. कच्च्या बर्गामॉट तेलात बर्गाप्टेन असतं, उन्हाने त्वचेवर डाग पडू शकतात.

नाक थकतं. एकच वास सतत घेतला की मेंदू तो गाळून टाकतो, आपल्याच खोलीचा वास आपल्याला येत नाही तसा. त्यावर उपाय म्हणून दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात. २०११ साली छापून आलेल्या एका प्रयोगात या बिया साध्या हवेपेक्षा जास्त उपयोगी ठरल्या नाहीत. बाहेर जाऊन मोकळी हवा घ्या, किंवा आपल्याच शर्टाची बाही हुंगा (धुतलेली असेल तर).

मागच्या सेमला आम्ही पाच जणांनी 'मॉलिक्यूल ०१' चं एक सॅम्पल वाटून घेतलं. २००६ साली गेझा शोएन यांनी काढलेल्या या परफ्यूममध्ये आयसो ई सुपर हे एकच सुगंधी रसायन आहे, बाकी अल्कोहोल. नाव न सांगता पाच पट्ट्या दिल्या आणि एकमेकांचं न ऐकता कागदावर लिहायला सांगितलं. एकाने लिहिलं, 'पेन्सिल तासल्याचा वास'. दुसऱ्याने, 'नवं लाकडी कपाट'. तिसऱ्याने, 'काहीच नाही, कोरी पट्टी दिली आहेस'. चौथ्यालाही आधी काही आलं नाही आणि वीस मिनिटांनी तो ओरडला, "अरे, आला आला!" मला आला, गेला आणि परत आला. मटेरियल एकच, रीडिंग पाच. तरी कोणाचं रीडिंग चुकलेलं नव्हतं. माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात आणि त्यांची जीन्स माणसागणिक थोडी वेगळी. या जीन्सच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. जड मॉलिक्यूल्सच्या बाबतीत, विशेषतः काही मस्क, कित्येक लोकांना वास येतच नाही. म्हणून दुसऱ्याचं कौतुक वाचून बाटली मागवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घेणं.

हे सगळं सॅम्पल प्रकरण परदेशी वाटत असेल तर अत्तराचा फाया आठवा. कापसाचा बोळा अत्तरात बुडवून कानात ठेवायचा, दिवसभर दरवळ. मुंबईला मोहम्मद अली रोडवर अत्तरांच्या दुकानात आजही काचेच्या कांडीने मनगटावर रेघ ओढून देतात, फुकट. तिथे एका वयस्कर चाचांनी मला रेघ ओढून दिली आणि मी पाकीट काढलं तर म्हणाले, "बेटा, आज मत लो. कल सुबह सूंघो, फिर आओ." डिफरन्शियल डिस्टिलेशनचा आख्खा धडा त्यांनी एका ओळीत संपवला.

अत्तर बनतं मुख्यतः उत्तर प्रदेशातल्या कनौजला. तिथली पद्धत आपल्या युनिट ऑपरेशन्सच्या पुस्तकात का नाही, मला कळत नाही. तांब्याचा मोठा हंडा म्हणजे देग. त्यात फुलं आणि पाणी भरून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडं किंवा गोवऱ्यांची आच. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, पाण्यात ठेवलेल्या भपक्यात जाते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. म्हणजे तो एकाच वेळी कंडेन्सर, रिसीव्हर आणि ॲब्सॉर्बर! चंदनातलं सँटलॉल जवळपास ३०० अंशांना उकळतं, त्यामुळे ते फुलांचा वास धरून बसतं. नंतर खाली साचलेलं पाणी काढून परत देगमध्ये टाकतात. तापमापक नाही, कारागीर भपक्याला हात लावून ठरवतो. चंदन न घालता काढलेल्या शुद्ध अर्काला रूह म्हणतात, जसं रूह खस, म्हणजे आपला वाळा.

कनौजला मातीचंही अत्तर काढतात. भाजलेली माती देगमध्ये घालून पहिल्या पावसाचा वास चंदनात पकडायचा. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६४ साली 'नेचर'मध्ये या वासाला 'पेट्रिकोर' नाव दिलं, आणि कनौजच्या भागातल्या या धंद्याची नोंदही घेतली. म्हणजे नाव मिळण्याआधीच माल बाजारात होता.

इथेच सावध राहायचं. चंदन दुर्मिळ झालं, महागलं. अस्सल तेल किलोला लाखाच्या वर, म्हणजे ग्रॅमला किमान १०० रुपये. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर. फुलं, इंधन, मजुरी सोडा, नुसत्या चंदनाचेच अकराशेच्या वर होतात. मग दोनशे रुपये तोळ्याच्या 'चंदनी गुलाबा'त काय असेल? बऱ्याच स्वस्त अत्तरांत चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी असतं. डीओपी म्हणजे वायरवरचं पीव्हीसी मऊ करायला वापरतात ते. आपण ते कातडीला लावायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्सल चंदनाचा मऊ, दुधाळ वास मनगटावर राहतो. पॅराफिनवर नुसता तेलकटपणा उरतो. पक्की टेस्ट म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, पण ढोबळ फसवणूक नाकालाही कळते.

नोंदी लिहायला शब्द लागतात. इंग्रजी वर्णनांत वुडी, फ्रेश, स्वीट एवढ्यावर बरंच भागवतात. आपल्याकडे बघा: कुबट, कोंदट, आंबूस, खवट, वशट, करपट, खरपूस, खमंग, मातकट, हिरवट, उग्र. शिवाय वास किती आणि कसा पसरतो त्याला दरवळ, घमघमाट, भपकारा, दर्प असे वेगळे शब्द. पावसाळ्यात न वाळलेल्या जीन्सचा वास 'कुबट' या एका शब्दात सांगून होतो. माझ्या वहीत एका महागड्या ऊदच्या परफ्यूमपुढे लिहिलंय: '० मि. गोठा. १ तास, गोठा पण स्वच्छ. ४ तास, देवघरातलं जुनं लाकूड.' मोगऱ्याच्या एका अत्तरापुढे आहे, 'गोड, मागे डांबरगोळी'. नंतर वाचलं तर मोगऱ्यात इंडोल खरंच असतं आणि घट्ट इंडोलला डांबरगोळीसारखाच वास येतो. नोंद आधी केली होती, म्हणून तो आनंद जास्त.

एक नियम मात्र मी कडक पाळतो. माझ्या रूम पार्टनरला दमा आहे. तीव्र वासाने दम्याचा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून आमच्या खोलीत एकही कुपी उघडत नाही. सगळं गच्चीवर, आणि खाली येताना हात धुऊन. लॅबमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये आणि मेसच्या रांगेतही दुसऱ्याला माझा वास हातभर अंतरावरून येता कामा नये. नाद माझा आहे, फुफ्फुसं त्यांची आहेत.

सध्या माझ्याकडे मातीच्या अत्तराची, रूह खसची आणि मॉलिक्यूल ०१ ची अशा तीन कुप्या आहेत. रविवारी मेसचं जेवण झाल्यावर दोन तासांनी (फोडणीचा वास नाकातून जायला तेवढा वेळ लागतो) गच्चीवर या. पट्ट्या मी कापून आणीन, पेन्सिल आपापली. सर्दी असेल त्यांनी पुढच्या रविवारी.

— तृतीय वर्ष, केमिकल