भात घरात येण्यापूर्वी उंदरांचा बंदोबस्त

रत्नागिरी जिल्ह्यात आश्विन-कार्तिकात भातकापणी आटोपली की शेतातील उंदीर अन्न व आसरा शोधीत घराकडे वळतात. भक्ष्याच्या मागोमाग घोणसही येते. म्हणून उंदरांचा बंदोबस्त हे केवळ धान्याचे नव्हे, तर जिवाचेही रक्षण होय. भात कणगीत भरण्यापूर्वी पुढील कामे उरकावीत :

(१) अर्ध्या इंचाच्या छिद्रातूनही उंदराचे पिलू आत शिरते. चिऱ्यांच्या सांधी व जोत्यातील बिळे काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवावीत. नुसती माती उंदीर पुन्हा उकरतो.

(२) कणगी भिंतीपासून दूर, उंच लाकडी मांडणीवर ठेवावी.

(३) पेंढ्याची उडवी व सरपण घराला लागून रचू नये.

(४) सापळे भिंतीच्या कडेने लावावेत. मेलेला उंदीर उघड्या हाताने न उचलता पुरावा. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. रुग्णास चालू न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही कामे वाडीतील सर्व घरांत एकाच वेळी करवून घ्यावीत. एक घर मोकळे राहिले, तर उंदरांना तेवढे पुरते.