लॅपटॉप की टॅबलेट? संत्रा बागायतदाराने खरेदीपूर्वी करावयाचा विचार

आंबिया बहाराचा माल विकला गेला की काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातील बागायतदारांच्या हाती थोडा पैसा येतो. मुले म्हणतात लॅपटॉप घ्या, दुकानदार म्हणतो टॅबलेट घ्या. याच पैशातून बागेचे खत-औषधही यावयाचे असते. म्हणून कोणते यंत्र चांगले, यापेक्षा आपले काम कोणते, हा प्रश्न आधी सोडवावा.

१) कामांची यादी करा

आठवडाभर एका वहीत कामे लिहून काढा. ती दोन प्रकारची आढळतील.

पाहण्याची कामे : हवामानाचा अंदाज, कळमना बाजारातील भाव, कीड-रोगांची छायाचित्रे, शेतीविषयक चित्रफिती.

लिहिण्याची कामे : बागेचा जमाखर्च, महाडीबीटीवरील अर्ज, कागदपत्रांच्या पीडीएफ प्रती, मुलांचा कॉलेजचा अभ्यास.

टॅबलेट म्हणजे मोठ्या पडद्याचा मोबाईलच होय. पाहण्याची कामे आपल्या खिशातील मोबाईल आजही करतो. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणीसुद्धा मोबाईलवरच होते; पिकात उभे राहून फोटो घ्यावा लागतो, तेथे लॅपटॉप उपयोगाचा नाही. तेव्हा जे काम मोबाईलने होत नाही, त्यासाठीच नवीन खर्च करावा.

२) हिशेबाचे महत्त्व

आपल्याकडे संत्र्याची बाग पुष्कळदा झाडावरच ठोक सौद्याने दिली जाते. व्यापारी भाव सांगतो तेव्हा आपला खर्च आपणास ठाऊक नसेल, तर तो भाव परवडतो की नाही हे कळत नाही.

समजा, ६ × ६ मीटर अंतरावर एका हेक्टरात २७७ झाडे आहेत. खत, फवारणी, मजुरी, ओलित व राखण मिळून बहाराचा खर्च १,६६,२०० रुपये झाला, तर झाडामागे ६०० रुपये पडले. (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.) याच्या खाली सौदा करणे म्हणजे घरचे पैसे घालणे होय. असा हिशेब वहीतही ठेवता येतो. परंतु आंबिया व मृग या दोन्ही बहारांचा खर्च वेगळा ठेवणे आणि मागील तीन वर्षांशी ताडून पाहणे लॅपटॉपच्या तक्त्यात फार सोपे जाते. टॅबलेटवर बोटाने शेकडो नोंदी करणे कंटाळवाणे होते व नोंदी मागे पडतात. टॅबलेटला वेगळा कीबोर्ड घेतला, तर एकूण खर्च साध्या लॅपटॉपजवळ पोहोचू शकतो. दोन्हींची बेरीज करूनच ठरवावे.

३) आपले ऊन आणि धूळ

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बरेच उत्पादक ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेतच यंत्र वापरण्यास सांगतात. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून कोणतेही यंत्र टिनाच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नये. लॅपटॉपचा पंखा धूळ व कापसाची रुई आत ओढतो. तो गादीवर ठेवून वापरू नये. टॅबलेटला बहुधा पंखा नसतो व तो पॉवर बँकेवरही चार्ज होतो. वीज वारंवार जात असलेल्या गावी हा त्याचा मोठा फायदा आहे.

४) खरेदी करताना काय पाहावे?

अ) लॅपटॉप : रॅम ८ जीबी व एसएसडी २५६ जीबीपेक्षा कमी नसावी.

ब) जुना लॅपटॉप : विंडोज १० चे मोफत सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. म्हणून त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते की नाही, हे दुकानातच सुरू करून पाहावे. केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

क) टॅबलेट : सिमकार्डची सोय व जीपीएस आहे का ते विचारावे. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅबलेटमध्ये जीपीएस नसते. असा टॅबलेट शेताचे ठिकाण नोंदविण्यास कुचकामी ठरतो.

ड) दोन्ही : पक्के बिल घ्यावे आणि दुरुस्ती केंद्र नागपुरात आहे याची खात्री करावी.

५) निष्कर्ष

घरात हिशेब लिहिणारे कोणी असेल किंवा मूल कॉलेजात असेल, तर लॅपटॉप घ्यावा. वडीलधाऱ्यांना मोबाईलवरील अक्षरे दिसत नसतील आणि काम केवळ वाचण्या-पाहण्याचे असेल, तर टॅबलेट पुरेसा आहे. यादीत लिहिण्याचे काम नसेल आणि मोबाईलवर सर्व भागत असेल, तर या वर्षी काहीच घेऊ नये; पैसा बागेला लावावा.

लॅपटॉप घेतल्यास पहिल्याच दिवशी चालू बहाराचा खर्च त्यात भरावा व दर महिन्याला त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. पुढील सौद्याच्या वेळी झाडामागचा खर्च आपणास तोंडपाठ असला, म्हणजे खरेदी सार्थकी लागली असे समजावे.