घरचा प्रिंटर आणि जाळ्यातील त्याचा पत्ता

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ ही योजना सुरू झाली. धार येथे जिल्हा पंचायतीत एक मध्यवर्ती संगणक ठेवण्यात आला व निरनिराळ्या गावांतील ‘सूचनालयां’चे संगणक दूरध्वनीच्या तारेने त्यास जोडण्यात आले. आठवड्याचा बाजार भरणारी अथवा रहदारीच्या रस्त्यावरील गावे त्यासाठी निवडलेली होती, व एकेका सूचनालयाकडे साधारणपणे २५ ते ३० खेड्यांची कामे येत. संगणक, मोडेम, प्रिंटर आणि वीज गेल्यावर काही काळ पुरणारा यूपीएस एवढी तेथील सामग्री. शेतकऱ्याने यावे, ५ रुपये देऊन बाजार समितीतील भाव विचारावा, १५ रुपये देऊन जमिनीच्या खसऱ्याची नक्कल न्यावी, अशी व्यवस्था होती. महाराष्ट्रात सातबाराच्या उताऱ्याचे जे स्थान, तेच तिकडे खसऱ्याचे. सूचनालय चालविणाऱ्यास पगार नसे. आलेल्या शुल्कावर त्याचा चरितार्थ चाले. कागद बाहेर आला नाही, तर शेतकऱ्याची खेप फुकट आणि चालकाची कमाईही बुडाली, असा तो रोखठोक हिशेब होता.

या योजनेला त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला व तिचा पुष्कळ गाजावाजा झाला. तथापि पुढे झालेल्या पाहण्यांत जे आढळले, ते पुरस्कारापेक्षा अधिक शिकविणारे आहे. प्रमुख अडचणी दोन होत्या : अनियमित वीज आणि दुबळी दूरध्वनीची तार. टेबलावरील यंत्रे धडधाकट असत, परंतु ती मध्यवर्ती संगणकापर्यंत पोहोचत नसत. काही ठिकाणी पुढे तारेऐवजी मद्रासच्या आय.आय.टी.त विकसित झालेले ‘कॉर्डेक्ट’ हे बिनतारी तंत्र योजण्यात आले, ते याच कारणाने.

आज हीच गोष्ट लहान प्रमाणात घरोघर घडते. जमिनीचा उतारा, दाखल्याचा अर्ज, विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र, शिक्षकाची प्रश्नपत्रिका हे सर्व घरच्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर येते व घरच्याच प्रिंटरवर छापले जाते. दोघांमध्ये तार नसते, असतो तो राउटर. आणि बहुतेक घरांतील तक्रार एकच : काल चालत होता, आज चालत नाही. शाई आहे, कागद आहे, प्रिंटरचा दिवा लागलेला आहे, आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘ऑफलाइन’ हा शब्द. अशा वेळी प्रिंटर बिघडला असे समजून तो दुरुस्तीस नेला जातो. दुकानात तो तारेने जोडून पाहतात, तेथे तो बिनतक्रार चालतो, आणि घरी आणल्यावर पुन्हा तोच प्रकार!

ज्ञानदूतच्या रचनेतील एक बाब येथे उपयोगी पडते. ते जगभर पसरलेले इंटरनेट नव्हते. जिल्ह्यापुरते स्वतंत्र जाळे होते. घरातील जाळेही तसेच स्वतंत्र असते. राउटर दोन कामे करतो. एक, घराचा संबंध बाहेरच्या इंटरनेटशी जोडणे. दुसरे, घरातील यंत्रे परस्परांशी जोडणे. छपाईला केवळ दुसऱ्या कामाची गरज असते. म्हणून बाहेरची जोडणी तुटली असतानाही, संगणकात आधीच उतरवून ठेवलेला कागद छापता आला पाहिजे. ही उत्तम कसोटी होय. इंटरनेट बंद असताना छपाई होत असेल, तर घरातील जाळे निर्दोष आहे असे समजावे. अपवाद एवढाच की, काही कंपन्यांच्या भ्रमणध्वनीवरील छपाईच्या सोयींत मजकूर प्रथम कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो व तेथून घरातील प्रिंटरकडे परततो. शेजारच्या खोलीतील यंत्राकडे जाण्यासाठी एवढा वळसा घेणारी सोय नियमित कामासाठी न वापरलेली बरी.

आता ‘काल चालला, आज नाही’ या कोड्याकडे वळू. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास १९२.१६८.१.२० यासारखा आकड्यांचा एक पत्ता असतो. तो पत्ता राउटर देतो, पण कायमचा देत नाही. धर्मशाळेचा व्यवस्थापक येईल त्या प्रवाशास रिकामी खोली देतो, मुदत संपली किंवा प्रवासी निघून गेला की तीच खोली दुसऱ्यास देतो. तद्वत हा व्यवहार चालतो. रात्री वीज जाते. सकाळी ती आल्यावर सर्व यंत्रे पुन्हा राउटरच्या दारी उभी राहतात, आणि काल प्रिंटरकडे असलेली ‘खोली’ आज एखाद्या दूरचित्रवाणी संचाला मिळते. संगणकाने मात्र जुनाच पत्ता लिहून ठेवलेला असतो. तो त्या दारावर थाप मारतो, आतून योग्य उत्तर येत नाही, आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ उमटते. दोष संगणकाचा नाही, प्रिंटरचाही नाही. पत्ता बदलला, आणि ते संगणकाला कळले नाही.

यावरील उपाय म्हणजे प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणे. कारखान्यातून बाहेर पडतानाच प्रत्येक यंत्राला १२ चिन्हांचा, सहा जोड्यांत लिहिलेला एक क्रमांक मिळालेला असतो. त्यास मॅक ॲड्रेस म्हणतात. बहुतेक प्रिंटर आपल्या जाळ्याची माहिती देणारा एक कागद स्वतःच छापून देतात. त्यावर हा क्रमांक मिळतो. ज्या प्रिंटरला तारेची व बिनतारी अशा दोन्ही सोयी असतात, त्याचे क्रमांकही दोन असतात. जी सोय वापरावयाची, तिचाच क्रमांक घ्यावा. येथे पुष्कळांची चूक होते व केलेली मेहनत वाया जाते. नंतर संगणकावरून राउटरची व्यवस्था पाहणारे पान उघडावे. ते उघडण्याचा पत्ता व परवलीचा शब्द बहुधा राउटरच्या खालील चिठ्ठीवर छापलेला असतो. त्या पानावर ‘डीएचसीपी’ या विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तत्सम नावाची जागा असते. तेथे प्रिंटरचा क्रमांक व त्याला द्यावयाचा पत्ता यांची जोडी नोंदवावी आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा. यानंतर वीज कितीदाही गेली, तरी प्रिंटरला तीच खोली मिळते.

काही जण राउटरला न विचारता प्रिंटरच्या पडद्यावरच पत्ता लिहून टाकतात. हा मार्गही चालतो, परंतु राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा पत्ता घेतला तरच. राउटर १०० ते १९९ या शेवटच्या आकड्यांचे पत्ते वाटत असेल आणि प्रिंटरने १२० हा आकडा परस्पर बळकावला, तर कधीतरी तोच आकडा दुसऱ्या यंत्राच्या वाट्याला येईल. मग दोन्ही यंत्रे आळीपाळीने रुसतात व कारण सापडत नाही.

पत्ता राखल्यावर संगणकाकडील काम उरते. संगणकातील त्या प्रिंटरची जुनी नोंद काढून टाकावी व नवी नोंद पत्ता देऊन करावी. संगणक आपणहून शोधून देतो ती नोंद सोपी खरी, पण एकाच प्रिंटरच्या दोन-तीन नोंदी साठतात आणि मुलांनी नेमकी मेलेली नोंद निवडलेली असते.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. छपाईची आज्ञा दिली आणि कागद आला नाही, की माणूस पुन्हा आज्ञा देतो, मग पुन्हा. त्या साऱ्या आज्ञा नाहीशा होत नाहीत. संगणकातील रांगेत उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी प्रिंटर जाळ्यावर परत येतो आणि एकामागून एक प्रती बाहेर पडू लागतात. घरचे वीजबिल असेल तर कागद वाया गेला, एवढेच. परंतु शिक्षकाने रात्री दिलेली वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका सकाळी घरी कोणी विद्यार्थी आलेला असताना अशी बाहेर पडली, किंवा कार्यालयातील गोपनीय अहवाल शिपायाच्या हाती आला, तर त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. म्हणून छपाई न झाल्यास दुसरी आज्ञा देण्यापूर्वी रांग उघडून पाहावी, आणि उठण्यापूर्वी ती रिकामी करावी. राउटर व प्रिंटर यांचे कारखान्यातून आलेले परवलीचे शब्दही बदलून टाकावेत.

देवासचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढील अडचण चटकन समजेल. त्या एका शहरात पवार घराण्याच्या दोन शाखांची, थोरल्या पातीची आणि धाकट्या पातीची, अशी दोन संस्थाने नांदत होती. दोघांचे वाडे वेगळे, कारभार वेगळे. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. शहर एक, पण काम कोणत्या पातीकडचे हे न पाहता गेलेला माणूस चुकीच्या कचेरीत उभा राहावयाचा. आजच्या राउटरमध्येही अशा दोन पाती असतात : २.४ गिगाहर्ट्झची व ५ गिगाहर्ट्झची. पहिलीचा वेग कमी, पण ती भिंतीतून अधिक चांगली पार होते. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. स्वस्त घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळ केवळ पहिलीच लहर ओळखतात. दोहोंस एकच नाव दिलेले असले, तर प्रथम जोडणी करताना गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी राउटरच्या पानावर दोघांस वेगळी नावे द्यावीत आणि प्रिंटर २.४ च्या नावाशी जोडावा. संगणक ५ वर राहिला तरी बहुधा हरकत नसते, कारण राउटर आतून दोन्ही पातींचा व्यवहार एकत्र करतो. मात्र ‘गेस्ट’ या नावाने पाहुण्यांसाठी उघडलेले जाळे ही खरोखरीची परकी हद्द होय. त्यावरील यंत्रास घरातील प्रिंटर सहसा दिसत नाही; आणि दिसू नये, हेच त्या सोयीचे प्रयोजन आहे.

धार आणि देवास येथील जुन्या मराठी वाड्यांच्या भिंती जाड आहेत. राउटर ओसरीवर आणि प्रिंटर माजघरापलीकडे ठेवला, तर भिंतीच लहर खाऊन टाकतात. लोखंडी कपाटाचाही तोच परिणाम. प्रिंटर राउटरच्या जवळ आणणे हा बिनखर्ची उपाय; लोकांचा मात्र प्रथम नवी यंत्रे विकत घेण्याकडे कल असतो. प्रिंटरला जाळ्याच्या तारेची जागा असल्यास याहून उत्तम, कारण ही तार १०० मीटरपर्यंत काम देते व तिला भिंतीची क्षिती नसते.

पुष्कळ खेड्यांत राउटरच नसतो. घरातील कोणाच्या तरी भ्रमणध्वनीचे हॉटस्पॉट हेच जाळे. तो भ्रमणध्वनी शेतावर गेला की जाळेही शेतावर गेले! अशा घरी बिनतारी जोडणीचा हट्ट धरू नये. प्रिंटरसोबत मिळणारी साधी यूएसबी तार वापरावी, किंवा प्रिंटरमध्ये वाय-फाय डायरेक्ट ही सोय असल्यास यंत्र थेट त्याच्याशी जोडावे.

विजेचा प्रश्न ज्ञानदूतच्या काळाइतका बिकट आज राहिलेला नाही, पण मिटलेलाही नाही. वीज परत आल्यावर क्रम महत्त्वाचा : आधी राउटर, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर, त्यानंतर संगणक. राउटर तयार होण्यापूर्वी जागा झालेला प्रिंटर कधीकधी जाळे नाही असे समजून तसाच बसून राहतो. राउटरला लहान यूपीएस जोडल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण त्यास वीज फारच थोडी लागते. लेसर प्रिंटर मात्र लहान यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावरील भुकटी वितळविण्यासाठी त्यात तापणारा भाग असतो, व तो एकदम मोठा प्रवाह ओढतो. शाईचा प्रिंटर लावल्यास चालतो. पण तो त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा, भिंतीवरील बटणाने नव्हे. स्वतःच्या बटणाने बंद होताना तो शाईच्या तोट्या झाकून ठेवतो. एकदम वीज तोडल्यास त्या उघड्या राहून शाई सुकते. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये शाईचा स्वतंत्र कारखाना आहे, त्यावरून शाई हे केवढे निराळे शास्त्र आहे याची कल्पना यावी.

हे सर्व एकदा साधले, की एका चिठ्ठीवर जाळ्याचे नाव, प्रिंटरचा पत्ता, त्याचा १२ चिन्हांचा क्रमांक व तारीख लिहून ती प्रिंटरच्या पाठीवर चिकटवावी. परवलीचा शब्द त्यावर लिहू नये. पुढे राउटर बदलावा लागला, तर नव्या राउटरला जुनेच नाव व जुनाच परवलीचा शब्द द्यावा, म्हणजे प्रिंटर आपणहून त्याच्याशी जोडला जातो. पत्ता राखून ठेवण्याची नोंद मात्र जुन्या राउटरबरोबर जाते. ती चिठ्ठीवरून नव्याने करावी लागते.