एक घर, पाच रजिस्टरं



या वेळचा धडा कर्जाचा किंवा हिशोबाचा नाही, लेकरांचा आहे. विषयाचं नाव जरा जड आहे: बालकांसाठीचं राष्ट्रीय धोरण आणि त्यातला समन्वय. समन्वय म्हणजे वेगवेगळ्या खात्यांनी एकमेकांना विचारून काम करणं. कॉलेजात असताना मी यावर परीक्षेत लांबलचक उत्तर लिहिलं होतं. ते खरं कळलं नांदेड-लातूरच्या शिवेवरच्या एका तांड्यावर.

तिथं आपल्या गटातल्या एका ताईची पंधरा वर्षांची पोरगी होती. नाव लिहीत नाही. गावात शाळा आठवीपर्यंत, ती पास झाली, पुढची शाळा दुसऱ्या गावाला. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. या एका घराची नोंद किती ठिकाणी होती बघा. धाकट्या भावाची अंगणवाडीत. पोरीची स्वतःची आशाताईकडं, लोहाच्या गोळ्यांसाठी. शाळेत तिचा दाखला काढल्याची. ग्रामपंचायतीत घरपट्टीची. चार रजिस्टरं झाली. पाचवं आपलं! आईनं गटातून कर्ज घेतलं होतं. ती कोणत्या आठवड्यात निघणार, हप्ता कोण भरणार, हे मी स्वतः लिहून घेतलं होतं. "पोरगी कुठं राहणार?" एवढं मात्र विचारलं नाही. ते माझ्या फॉर्मात नव्हतं.

उन्हाळ्यात घर परत आलं, पोरगी आली नाही. तिचं लग्न लावून दिलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकट्या माणसाला अर्धाच कोयता धरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणाच्या तरी अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता झाला. पाचही रजिस्टरांत खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. ती कधी एका टेबलावर आली नव्हती, एवढंच.

आता दिल्लीत काय ठरलंय ते बघू. आपल्या देशाचं बालकांसाठीचं पहिलं राष्ट्रीय धोरण १९७४ सालचं. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ ला, अंगणवाडीची योजना सुरू झाली. दुसरं धोरण २६ एप्रिल २०१३ चं. त्यात स्पष्ट लिहिलंय की १८ वर्षांखालचं प्रत्येक लेकरू म्हणजे बालक. जगणं-आरोग्य-पोषण, शिक्षण, संरक्षण आणि सहभाग या चार गोष्टी त्यात मुख्य धरल्या. आरोग्य, शिक्षण, कामगार अशी खाती वेगवेगळी असल्यानं त्यांना एकत्र बसवायला महिला व बालविकास मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय गट असावा, तसेच गट राज्यात आणि जिल्ह्यात असावेत, असंही त्यात आहे. कागद चांगला आहे, मी तो दोनदा वाचलाय.

पण गाडी वयावर अडते. शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांचा, म्हणजे आठवीपर्यंत. बालमजुरीच्या कायद्यात १४ च्या आतल्या लेकराला कामाला लावायचंच नाही (शाळा सुटल्यावर घरच्या कामात हातभार चालतो), पण १४ ते १८ ला बंदी फक्त धोक्याच्या कामांची. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९. म्हणजे आपली पंधरा वर्षांची पोरगी एका धोरणात बालक, दुसऱ्यात युवती, आणि शाळेच्या कायद्यात कुणीच नाही. किशोरींसाठी केंद्राची जी पोषणाची योजना आहे, ती २०२२ पासून १४ ते १८ च्या मुलींसाठी केली, पण आपल्या राज्यात फक्त आकांक्षित जिल्ह्यांपुरती. शेजारचा धाराशिव त्यात आहे. नांदेड आणि लातूर नाहीत. शिवेपलीकडच्या पोरीला मिळतं आणि अलीकडच्या पोरीला नाही, हे तिच्या आईला कसं समजावून सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

याच वयाची हजारो मुलं-मुली लातूर आणि नांदेड शहरात डॉक्टर व्हायच्या क्लासला येऊन राहतात. लातूर पॅटर्नचं नाव तर राज्यभर आहे. त्याच जिल्ह्यांतून त्याच वयाच्या दुसऱ्या पोरी फडावर जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचात एकीपेक्षा जास्त.

सोय काहीच नाही असंही नाही. उलट सोयी आहेत, पण वेगवेगळ्या दारांत. आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृह असतं, ते शिक्षण खात्याचं. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, तेही शिक्षणाचं. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर झाली, ती सामाजिक न्यायाची. भटक्या विमुक्तांची आश्रमशाळा बहुजन कल्याणची. बाप वारला असेल किंवा आई एकटी असेल तर बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये, ते महिला व बालविकासचे. एका दारात "आमच्याकडं नाही" म्हणाले की बाई घरी परत येते. शेजारचं दार तिला कुणी दाखवत नाही.

ही दारं गावात एकत्र यायची जागा म्हणजे ग्राम बाल संरक्षण समिती. अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका. कागदावर ती बऱ्याच गावांत असते. शेवटची बैठक कधी झाली, ते अंगणवाडीताईला विचारा, पण रागानं नको. तिच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत ते आपण बघतो. "ताई, बैठक आम्ही बोलावायला मदत करतो," असं म्हणा. दुसरी जागा शाळा व्यवस्थापन समिती. तिथं कायद्यानं निम्म्या बायका आणि किमान तीन-चतुर्थांश पालक असतात. आपल्या दशसूत्रीत पंचायत राज सहभाग आणि शासकीय योजना ही सूत्रं आपण दर बैठकीत म्हणतो, ती इथं वापरायची.

मागच्या वर्षी आम्ही एका ग्रामसंघात असं केलं. नवीन रजिस्टर काढलं नाही. अंगणवाडीताई, आशाताई, गुरुजी आणि आपली सीआरपी ताई, चौघांना आपापली वही घेऊन बसवलं आणि ड्रॉइंग शीटवर फक्त तोडीला जाणारी घरं मांडली. प्रत्येक घरापुढं लेकराचं वय आणि "हंगामात कुठं राहणार" एवढंच. चहा दोनदा झाला. सात पोरी अशा निघाल्या की ज्यांचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. तिघी आजीकडं राहिल्या आणि शाळेत गेल्या, एकीला वसतिगृहात जागा मिळाली. दोघी आईबापासोबत गेल्या आणि शाळा सुटली. एकीचं लग्न ठरलेलं होतं. ग्रामसेवक हेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. ते आले, घरच्यांशी बोलले आणि लग्न थांबलं. ते घर अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

त्यावरून दोन गोष्टी सांगते. पोरींची नावं ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची नाहीत, शीटवर घर क्रमांक पुरे. आणि लग्नाच्या बाबतीत कुणी एकटीनं दारात जायचं नाही. ग्रामसंघाचा ठराव करायचा, म्हणजे राग एकीवर येत नाही. लगेच मदत लागली तर १०९८ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

खर्चाचं कुणी विचारलं तर, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकांसाठी खर्च करावे लागतात, ते कुठं गेले ते विचारा. गावच्या विकास आराखड्यात 'बालस्नेही गाव' असा एक विषयही असतो.

बैठक दसऱ्याला ठेवू नका, उशीर होतो. मुकादमाची उचल पावसाळ्यातच वाटून झालेली असते. पोळ्याच्या आधीची तारीख धरा, सोबत कर्जवही आणा, आणि ज्या ताई यंदा तोडीला जाणार आहेत त्यांचा हप्ता लिहिताना खाली एक ओळ मोकळी सोडा: लेकरं कुठं राहणार.